किती एमएमचा वेटसूट? आधी कंबर बघा!

नमस्कार मंडळी! आधी ती कमेंट उरकतो, नाहीतर खाली परत तीच येणार. "भाऊ, धुयामा समुद्र कोठे शे?" म्हणजे, धुळ्यात समुद्र कुठंय? नाही शे, भाऊ! पण आपली पोरं न्यूझीलंड, आयर्लंड, केपटाउन, कुठंकुठं गेलीत. तिथं श्वास रोखून बुड्या मारतात, स्पिअरगननं मासे मारतात आणि रात्री-अपरात्री मला विचारतात, "दादा, किती एमएम घेऊ?" म्हणजे वेटसूट, गार पाण्यात घालायचा तो अंगाबरोबरचा रबरी सूट, किती मिलिमीटर जाडीचा घेऊ.

पटकन सांगतो. पाणी 24 अंशांच्या वर असेल तर 3 एमएम भरपूर. 18 च्या आसपास 5. 12-13 च्या खाली 7. शिकारीवाला तळाशी निपचित पडून राहतो, तो लवकर गारठतो. त्यानं थोडा जाडच घ्यावा. झालं.

आता माझं खरं दुखणं. आकडा सगळे विचारतात, माप कोणी विचारत नाही! अरे, पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढतं. सूटमध्ये शिरलेलं थोडंसं पाणी अंगानं तापवलं, की ते तिथंच थांबायला हवं. ढगळ सूटमध्ये प्रत्येक बुडीला ते बाहेर, नवं गार पाणी आत. जाडजूड गोधडी घेऊन पाय उघडे टाकण्यातला प्रकार आहे हा.

माझ्या मित्राला एका दुकानदारानं "जरा मोकळाच बरा" म्हणून 7 एमएम गळ्यात मारला. कंबरेच्या खळग्यात माझी मूठ जात होती! शेजारी 5 एमएमवाला मजेत, हा कुडकुडतोय.

म्हणून घालून बघाल तेव्हा पाठीचा खळगा, काखा, मान, तिन्हीकडे हात फिरवा. पोकळी सापडली की सूट परत. आणि उलटंही ऐका: छाती पूर्ण फुगत नसेल, तर तोही परत. आपला सगळा खेळ श्वासाचा आहे.

चेन नसलेला, टोपी जोडलेला, दोन तुकड्यांचा ओपन-सेल, म्हणजे आतून अस्तर नसलेला, घ्या. आतलं रबर अंगाला चिकटतं, कोरडा चढणार नाही. साबणाचं पाणी ओता, बोटांच्या पेरांनी ओढा. नख लागलं की टर्रकन चंद्रकोर उमटते. आमच्या न्हाणीघरात मी हे करताना आईनं दार वाजवून विचारलंय, "बरा आहेस ना?"

आणखी एक. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, रबरातले बुडबुडे दबतात. वरचा 5 खाली 5 राहत नाही. ऊब कमी, तरंगणंही कमी. जाड सूट तरंगवतो म्हणून, बुडायला कंबरेच्या पट्ट्यात जास्तीचं शिसं कोंबलंत, तर खालून वर येणं जड जाईल. साधारण 10 मीटरवर ना बुडताय ना तरंगताय, एवढंच शिसं. आणि जोडीदाराशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

केपटाउनवाल्या, तुझं उत्तर राहिलं. अटलांटिकच्या बाजूला भर उन्हाळ्यात वारा वरचं पाणी ढकलतो आणि खालचं बर्फासारखं पाणी वर येतं. तिकडं 7. दुसऱ्या बाजूच्या फॉल्स बे उपसागरात उन्हाळ्यात 5 चालेल. पण कंबरेचं माप पाठव आधी!