पद्मिनी पाणी का फेकते

सकाळचे साडेसहा वाजलेत, ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबा वाकून गाडीखालचा पेपर ओढतायत. रोजचं आहे हे. रात्री गाडी लावली की रेडिएटरखाली कालचा पेपर पसरायचा आणि सकाळी डाग बघायचा, काळा असला तर ऑइल, हिरवट असला तर कूलंट, म्हणजे रेडिएटरमधून फिरून इंजिन गार ठेवणारं पाणी. आज हिरवट आहे, चांगला ताटलीएवढा.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून बंद झाली, त्यानंतर तर ही दिसली की सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात, काका अजून चालते का हो? चालते. फक्त पाणी फेकते.

काल आम्ही घोडबंदर रोडने गायमुखला गेलो होतो, कासारवडवलीपासून जे अडकलो ते पाऊण तास पहिला गिअर, न्यूट्रल, पहिला गिअर. आता यात होतं काय, की हिचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, वॉटर पंपसुद्धा त्याच पट्ट्यावर, म्हणजे इंजिन आयडलला असलं की दोघंही हळू, समोरून वाराही नाही, आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. पण गंमत बघा, ट्रॅफिकमध्ये एक थेंब पडला नाही. घरी आलो, चावी काढली आणि दोन मिनिटांनी खालून टपटप सुरू. कारण इंजिन बंद झालं की पंपही थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण हेडचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचा, तापलेपणा कुठे जाणार, तो आतल्या पाण्यात उतरतो आणि पाणी थोडा वेळ अजून तापतं, अजून फुगतं.

आणि फुगणं हाच सगळा विषय आहे. पाणी २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की साधारण साडेतीन टक्के वाढतं. पाच लिटर धरलं तर पावणेदोनशे मिली, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं जास्त. जुन्या गाड्यांना हे फुगलेलं पाणी साठवणारी बाजूची बाटलीच नसायची, रेडिएटरच्या तोंडाशी एक बारीक नळी, ती सरळ रस्त्याकडे. म्हणून वरच्या टाकीत रिकामी जागा ठेवायची असते, तोंडापासून दोन बोटं खाली. बाबा मात्र रोज सकाळी काठोकाठ भरायचे, रोज संध्याकाळी गाडी तेवढंच बाहेर टाकायची, आणि बाबा म्हणायचे, "अगं बघ, परत पाणी कमी झालंय." एका गॅरेजवाल्याने हेड खोलायला सांगितलं, दुसऱ्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह, काढून टाका म्हणून सांगितलं. थर्मोस्टॅट काढायला माझा ठाम विरोध आहे. त्याने पाणी फुगायचं थांबत नाही आणि इंजिन मात्र नीट तापायलाच वेळ घेतं.

आता रेडिएटरचं हे झाकण बघा, सगळं डोकं यात आहे. मोठी स्प्रिंग दिसते ती प्रेशर धरून ठेवते, एक पीएसआय (हे दाबाचं माप) प्रेशर वाढलं की उकळायचं तापमान साधारण दीड अंशाने वर जातं. मग जास्त प्रेशरचं झाकण का नको? कारण हा पितळ-तांब्याचा झाळलेला रेडिएटर आहे, जास्त दाबाने तो शिवणीतून सुटेल, गाडीच्या पुस्तकात असेल तेवढ्याच पीएसआयचं घ्यायचं. आणि मधे हा बारका व्हॉल्व्ह, तो उलटा उघडतो. गाडी गार झाली की आतलं पाणी आकसतं, ओढ तयार होते, आणि या व्हॉल्व्हमधून बाहेरचं आत येतं. आत्तापर्यंत हवा येत होती. आम्हाला तिथून कूलंट यायला हवंय.

म्हणून ही बाटली. रेडिएटरच्या जवळ, सायलेन्सरच्या पाईपपासून लांब. नळीचं टोक बाटलीच्या तळापर्यंत बुडालेलं पाहिजे, कायम कूलंटखाली, नाहीतर गाडी नुसती हवा ओढत बसेल. बाटलीच्या झाकणाला मात्र भोक हवंच. आणि लोक नेमकं विसरतात ते म्हणजे रेडिएटरचं झाकणसुद्धा बदलावं लागतं, जुन्या झाकणाच्या काठाखाली रबरी वॉशर नसतो, तिथून हवा शिरते आणि बाटलीतलं पाणी बाटलीतच राहतं. आमचे पहिले तीन दिवस याच्यातच गेले. बाटली लागली की रेडिएटर तोंडापर्यंत भरायचा, रिकामी जागा आता बाटलीत.

झाकण गरम असताना उघडायचं नाही, कितीही घाई असो. बाबांच्या उजव्या मनगटावर हा डाग आहे ना, तो कसारा घाटातला आहे, मी तेव्हा लहान होते, अजून आठवतं.

गाडी तापल्यावर बाटलीत सतत बुडबुडे येत राहिले तर मात्र बाटलीने भागणार नाही, इंजिनमधला धूर पाण्यात शिरतोय, म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट, हेडखालचं सील, गेलंय. त्याची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर धरलेलं टेस्टचं निळं पाणी पिवळं झालं की समजायचं. आमचं निळंच राहिलं. त्या दिवशी बाबा जेवताना दोन पोळ्या जास्त जेवले.

अजून एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांना थोडंसंही पुरतं. आमच्या पार्किंगमध्ये चार मांजरं झोपतात, पद्मिनीच्या खाली तर नेहमीच. इतके दिवस ते डबकं तिथे होतं, आणि आम्ही नुसता पेपर बदलत होतो.

रविवारी परत गायमुख, मुद्दाम ट्रॅफिकच्या वेळेला. घरी आलो तेव्हा बाटलीतली पातळी वरच्या खुणेला टेकलेली. सकाळी बाबा माझ्या आधी खाली गेले. पातळी परत खालच्या खुणेवर, पेपर कोरडा, त्यावर मांजर झोपलेलं.