आजी विचारतेय, ऐकू येतंय का?

संध्याकाळचे साडेसात, ऐरोली. टू-बीएचके घर आणि तीन कॉल एकदम चालू. आई बेडरूममध्ये ऑफिसच्या झूमवर, बाबा हॉलमध्ये सोसायटीच्या मीटिंगला गूगल मीटवर, आणि ओट्यापाशी आजी, व्हॉट्सॲपवर नाशिकच्या नातवाशी. वायफाय एकच. राउटर फ्रिजच्या मागे, का तर प्लग तिथेच होता.

आणि फ्रिजमागच्या राउटरमुळे नातूही फ्रीज झालाय, तोंड उघडं ठेवून.

होतं काय, की आपला आवाज नि चेहरा तुकडे तुकडे होऊन जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. मेल पाठवतो तेव्हा टीसीपी नावाची पद्धत असते, एखादं पॅकेट हरवलं तर ते परत मागवतात आणि तोवर मागचे सगळे ताटकळत उभे. कॉलमध्ये हे परवडत नाही, म्हणून बहुतेक वेळा यूडीपी ही दुसरी पद्धत, म्हणजे गेलं तर गेलं, पुढे चला. वाशी लोकल सुटली तर आपण रुळावरून तिच्यामागे धावत नाही ना, तसं. आयटीयू (दूरसंचाराची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) म्हणते आवाज पलीकडे 150 मिलीसेकंदांच्या आत पोचावा, त्याहून फार उशीर झाला की दोघं एकदम बोलतात आणि मग "तू बोल, नाही नाही तूच बोल".

बाबांच्या मीटिंगला 20 जण आहेत. प्रत्येकाने इतर 19 जणांना थेट व्हिडिओ पाठवायचा म्हटलं तर घरच्या नेटचा जीवच जाईल, म्हणून एकदाच सर्व्हरला द्यायचा, पुढे वाटायचं काम त्याचं. जित्सी या मीटिंगच्या ॲपमध्ये तर दोघंच असतील तर थेट, तिसरा आला की सर्व्हर. जित्सी नि मीट ब्राउझरमध्येच चालतात कारण 2011 मध्ये गूगलने वेबआरटीसीचा, म्हणजे ब्राउझरमधूनच कॉल करायच्या यंत्रणेचा, कोड खुला केला. झूम कंपनीही त्याच वर्षी सुरू झाली, वेबेक्स ही दुसरी मीटिंग सेवा सोडलेल्या एरिक युआनची, पण ॲपसाठी त्यांनी आपली वेगळी यंत्रणा बांधली. फुकटात झूम 40 मिनिटं, मीटचा ग्रुप कॉल 60. (पार्किंगचा विषय निघाला की 60 सुद्धा जास्तच वाटतात.)

खरं सांगायचं तर ॲप बदलून फार फरक पडत नाही, नेट कमी असेल तर आधी कॅमेरा बंद करा, आवाजाला फारच थोडं लागतं, ओपस कोडेक (आवाज दाबून लहान करणारी पद्धत) सेकंदाला 6 किलोबिटपर्यंत खाली येतो.

बाबांनी वैतागून राउटर ओढून फ्रिजवर ठेवला. नातू हलला.

"आजी, कधीचा बोलतोय मी!"

"बरं, आता परत सांग. पहिल्यापासून."