वॉर्सात आठ, कीव्हमध्ये नऊ

(दृश्य: वॉर्सा, सकाळची ट्राम)

वॉर्सात सकाळचे आठ म्हणजे कीव्हमध्ये नऊ. युक्रेनमध्ये रोज नऊ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी एक मिनिट स्तब्धता पाळतात. मार्च २०२२ पासूनचा हा नेम. वॉर्सात त्या वेळी ट्राम खच्चून भरलेल्या असतात. त्या गर्दीतली एखादी युक्रेनियन बाई ते मिनिट मनातल्या मनात पाळते आणि पुढच्या थांब्यावर उतरून कामावर जाते.

युक्रेनमधून आलेले चाळीस लाखांहून अधिक लोक युरोपीय संघाच्या तात्पुरत्या संरक्षणाखाली राहतात. त्यासाठीचा कायदा २००१ सालचा, पण तो पहिल्यांदा वापरला गेला मार्च २०२२ मध्ये. मोठ्यांमध्ये बायकाच जास्त, कारण लष्करी कायदा लागू झाल्यावर १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देशाबाहेर पडायची मुभा राहिली नाही. नवरा तिकडे, आईवडील तिकडे. आणि घरभाडं, डॉक्टर, मुलांची शाळा हे सगळं इकडे एकटीच्या अंगावर. तिकडे शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत हिशेब बघणाऱ्या कितीतरी जणी इकडे हॉटेलच्या खोल्या आवरतात, गोदामात पार्सलं बांधतात.

(दृश्य: फोनवरचं वीज-वेळापत्रक)

आपण युद्धाची बातमी वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. तिला ते जमत नाही. मार्च २०२४ मध्ये रशियाने खारकीव्हची वीजकेंद्रं क्षेपणास्त्रांनी उद्ध्वस्त केली. वॉर्सातल्या लेकीला त्यातून कळलं ते एवढंच, की लिफ्ट बंद, म्हणजे वरच्या मजल्यावरची आई आता खाली उतरणार नाही. पंप बंद, म्हणजे नळाला पाणी नाही. मोबाइल टॉवरची बॅटरी संपली की फोनही लागणार नाही. भारनियमन महाराष्ट्राने कैक उन्हाळे सोसलंय. तिथे ते ऐन हिवाळ्यात, बाहेर बर्फ असताना, घरं तापवायची असताना येतं. घरांचे गट पाडलेत आणि कोणत्या गटाची वीज कधी जाणार हे फोनवर कळतं. आईचा गट लेकीला पाठ असतो. बोलायची वेळ त्यावरच ठरते.

हवाई हल्ल्याचा इशारा देणारं ॲपही अनेकींनी इथे येऊन काढून टाकलेलं नाही. त्यात अजून आपलंच गाव निवडलेलं असतं. मग रात्री दोन वाजता खारकीव्हचा भोंगा वॉर्सात उशाशी वाजतो.

मुलांचं वेगळंच. सप्टेंबर २०२४ पासून पोलंडमध्ये युक्रेनियन मुलांना पोलिश शाळा सक्तीची झाली. पण बऱ्याच घरांत संध्याकाळी लॅपटॉप उघडून युक्रेनियन भाषा आणि इतिहासाचे तासही होतात. त्यांचे खारकीव्हमध्ये राहिलेले मित्र मेट्रो स्टेशनात भरणाऱ्या वर्गांत शिकतात. २०२४ मध्ये तिथे खास जमिनीखाली बांधलेली शाळाही सुरू झाली. मुलगा पोलिश फडाफडा बोलतो याचं आईला समाधान आहे आणि युक्रेनियन लिहिताना अडखळतो याची धास्तीही. तिकडे राहिलेल्या आयांची चिंता आणखी निराळी होती. मुलगा सतरा वर्षांचा झाला की अठराव्या वाढदिवसाआधी त्याला सीमेपार धाडायची घाई सुरू व्हायची. ऑगस्ट २०२५ मध्ये युक्रेन सरकारने १८ ते २२ वयाच्या मुलांना बाहेर जायला परवानगी दिली.

(दृश्य: प्शेमिशल स्टेशन)

पोलंडच्या सीमेजवळचं हे स्टेशन. मार्च २०२२ मध्ये इथल्या फलाटावर पोलिश आयांनी येणाऱ्या बाळांसाठी बाबागाड्या ठेवल्या होत्या. त्यानंतरच्या वर्षांत हवा बदलली. युक्रेनच्या धान्यावरून शेतकऱ्यांनी आणि मालवाहतुकीवरून ट्रकवाल्यांनी सीमा अडवली. १९४३ मध्ये व्होलिनियात, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमध्ये, युक्रेनियन राष्ट्रवाद्यांनी केलेल्या पोलिश लोकांच्या हत्याकांडाची जखम पुन्हा राजकारणात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडचे राष्ट्राध्यक्ष कारोल नावरोत्स्की यांनी युक्रेनियनांच्या मदतीचं विधेयक परत पाठवलं. मुलामागे मिळणारे महिना ८०० झ्लॉटी फक्त नोकरी करणाऱ्यांनाच मिळावेत, ही त्यांची भूमिका. व्होलिनियाचं दुःख खरं आहे, शेतकऱ्याचं नुकसानही खरं. पण त्याची किंमत पहाटे उठून कामाला जाणाऱ्या, कर भरणाऱ्या बाईने बसमध्ये टोमणे ऐकून चुकवावी, हे अन्यायाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते, त्यांत बायका-मुलंच अधिक. वॉर्सात त्या कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. पोलंडला परक्या भूमीवरचं जिणं ठाऊक आहे, म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही जास्त.

युरोपीय संघाने हे तात्पुरतं संरक्षण आता ४ मार्च २०२७ पर्यंत वाढवलंय. दर वेळी असंच, जेमतेम वर्षभराने. मुलीला माध्यमिक शाळा कुठली घ्यायची, भाड्याचा करार किती महिन्यांचा करायचा, खारकीव्हच्या घराच्या फुटलेल्या खिडक्यांना नवी काच बसवायची की सध्या फळ्याच ठोकून ठेवायच्या, हे सगळं या तारखेकडे बघत ठरवावं लागतं.