पाय टेकायला हवेत

नमस्कार, श्रोतेहो.

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात पुढची एसटी अचानक थांबली. मीही ब्रेक दाबला आणि डावा पाय खाली सोडला. डांबराच्या कडेची साइडपट्टी खचलेली होती, जमीन चार बोटं खाली. १९५ किलोची माझी मोटरसायकल, रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, एकदा कलली की हातांनी सावरत नाही. गाडी आडवी झाली. मला लागलं नाही, क्लचचा लिव्हर मात्र तुटला.

माझी उंची ५ फूट. "तुला ही गाडी झेपायची नाही," हे मी पुष्कळ ऐकलंय आणि मला ते अजिबात मान्य नाही. तयार सदरा लांब झाला तर बाह्या आखूड करून घेतो ना आपण? मग गाडी अंगाला बेतून का घेऊ नये?

गाडी अजून घ्यायची असेल तर सीटची उंची विचारा. क्लासिकची ८०५ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५, मिटिऑरची ७६५, ॲव्हेंजरची ७३७. पण या आकड्यावर सगळं ठरत नाही. सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढा पाय जमिनीपासून वर राहतो. म्हणून शोरूममध्ये बसून बघाच, आणि रोज घालता तेच बूट घालून जा.

गाडी घरात असेल तर आधी सीटकडे वळा. मी पहिल्यांदा एका ठिकाणी सरसकट दोन इंच फोम काढून घेतला. पाय टेकले, पण तासाभरात माकडहाड खालच्या पत्र्यावर आपटू लागलं. दुसऱ्या कारागिराने मला आधी गाडीवर बसवलं, मांड्या कुठे घासतात तिथे खडूने खुणा केल्या. मग रेक्झिन उसवून त्याने करवतीच्या पात्याने पुढच्या दोन्ही कडा तिरक्या तासल्या. मधून काढला फक्त पाऊण इंच, तोही काढून वर पातळ, टणक फोमचा थर चिकटवला. पुन्हा बसवलं, पुन्हा तासलं. रेक्झिन ठोकायच्या आधी असं दोनदा बसून बघायचा आग्रह धराच.

मग मागचे शॉकअप. स्प्रिंगखालची खाचांची रिंग पान्याने सर्वांत नरम खाचेवर आणा. हलक्या माणसाच्या वजनाने गाडी थोडी तरी खाली बसते, आणि पैसे लागत नाहीत. मागे कुणी बसणार असेल तर ती पुन्हा घट्ट करा. आखूड शॉकअप टाकायचा सल्ला कुणी दिला तर घाई करू नका. मागची बाजू उतरली की हँडल जड लागतं, पोट स्पीडब्रेकरला घासतं आणि साइड स्टँड लांब पडल्याने गाडी नको तितकी उभी राहून पलीकडे कोसळू शकते. स्प्रिंग कापू तर कधीच नका.

हँडलचे क्लॅम्प सैल करून ते किंचित आपल्याकडे फिरवता येतं. खांद्यांना फार आराम पडतो. पूर्ण डावी-उजवीकडे वळवून वायर ताणत नाही ना, एवढं तपासा.

आणि दोन्ही पाय एकदम टेकलेच पाहिजेत, हा हट्ट सोडा. थांबताना कंबर सीटवर डावीकडे सरकवा, डावा तळवा पूर्ण टेकवा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवा. रिकाम्या मैदानात पन्नासदा करा, पायाला सवय लागते. आपल्याकडे रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणजे डाव्या पायाखालची जमीनच खोल. म्हणून अगदी कडेला थांबू नका, हातभर आत थांबा. घाटात माझं तेच चुकलं होतं.

गाडी लावताना चाक उताराच्या दिशेने घालू नका. निघताना बसून ती मागे चढावर रेटायला आपले पाय पुरत नाहीत. तोंड चढाकडे ठेवा, निघताना ती आपसूक मागे येते, फक्त पुढचा ब्रेक हाताशी ठेवा.