सोसायटीतला माड: छाटायचा की साफ करायचा?

[दृश्य: गावदेवीतील मणी भवन आणि भोवतालची झाडे]

नोव्हेंबर 2010 मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा मुंबईतील मणी भवनाला भेट देणार होते, आणि त्यापूर्वी सुरक्षेचा उपाय म्हणून त्या परिसरातल्या माडांवरचे नारळ उतरवण्यात आले. ही बातमी तेव्हा गंमत म्हणून जगभर वाचली गेली. मात्र ज्यांच्या इमारतीच्या फाटकाशीच माड उभा आहे, अशा मुंबईकरांना त्यात हसण्यासारखे फारसे काही वाटले नसावे. 20 मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण सहाव्या मजल्यावरून सुटलेला नारळ जमिनीपर्यंत येतो तेव्हा त्याचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या घरात असतो, आणि सोडणासकट त्याचे वजन एक-दीड किलो सहज भरते.

[दृश्य: उपनगरातील एक जुनी गृहनिर्माण संस्था, कुंपणालगत माडांची रांग, खाली उभ्या केलेल्या मोटारी]

एप्रिल-मे उजाडला की अशा संस्थांच्या सभेत माडांचा विषय निघतोच. ज्यांची गाडी माडाखाली उभी असते आणि ज्यांची मुले तिथे खेळतात, ते झाडे चांगली खालपर्यंत छाटा म्हणतात. ज्यांच्या खिडकीत त्याच झावळ्यांची सावली येते, ते कशालाही हात लावू देत नाहीत. खजिनदारांना खर्च नको असतो आणि सचिवांना महापालिकेची नोटीस नको असते. गंमत अशी की, या वादात बोलणारे बहुतेक जण माडाला आंबा किंवा गुलमोहर समजून बोलत असतात.

[दृश्य: कापलेल्या माडाच्या खोडाचा आडवा छेद, अगदी जवळून]

हा छेद पाहा. आंब्याच्या खोडात दिसतात तशी वर्षागणिक वाढणारी वलये इथे नाहीत. फिकट गरात गर्द तपकिरी ठिपके विखुरलेले आहेत आणि कडेला ते दाट होत गेले आहेत. हे ठिपके म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या तंतूंचे जुडगे आहेत. माड, पोफळ, ताड, शिंदी या सगळ्यांच्या खोडात नवे लाकूड तयार करणारा थर नसतो, त्यामुळे खोडाला झालेली जखम कधी भरून येत नाही. माडाला फांद्याही नसतात. शेंड्याच्या गाभ्यात एकच कोंब असतो, तिथूनच प्रत्येक झावळी निघते, आणि तो कोंब छाटला गेला की झाड मेलेच. आंब्याची फांदी छाटली की बाजूने फूट येते. माडाच्या बाबतीत तशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

निरोगी, पूर्ण वाढलेल्या माडावर एका वेळी साधारण 30 ते 40 झावळ्या असतात, आणि वर्षाला 12 ते 14, म्हणजे महिन्याला सुमारे एक, या गतीने नवी झावळी येते. कंत्राटदाराने डोके मोकळे केल्यासारख्या 20 हिरव्या झावळ्या उतरवल्या, तर ती तूट भरून निघायला साधारण दीड वर्ष लागते. आणि पुढच्या मे महिन्यात तीच छाटणी पुन्हा झाली, तर ती कधीच भरून निघत नाही. अशा उपाशी माडाचे खोड वरच्या टोकाला निमुळते होत जाते. पुढे त्याला कितीही खतपाणी घातले तरी खोडाचा तो बारीक झालेला भाग जाड होत नाही, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात तोच भाग कमकुवत ठरतो. वाऱ्याचा भार कमी करण्यासाठी केलेल्या छाटणीने मोडण्याचा धोका वाढतो, ही गोष्ट सभेत कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवी. शिवाय हिरव्या झावळीच्या ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. त्याच्या अळ्या आतून गाभा पोखरतात आणि शेंडा कलंडेपर्यंत खाली कोणाला पत्ताही लागत नाही.

खालच्या झावळ्या पिवळ्या पडल्या म्हणून त्या काढून टाकण्याचा आग्रहही असाच फसवा आहे. जमिनीत पालाश (पोटॅश) कमी पडले की माड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतो. पिवळे पान कापणे म्हणजे त्याची शिल्लक काढून घेणे होय. ते पूर्ण तपकिरी होऊन लोंबू लागले की मगच उतरवावे.

मग माडांना हात लावूच नये काय? तसे मुळीच नाही. वाळलेली झावळी चार-पाच मीटर लांब असते, तिचा देठ जड असतो आणि पडताना ती गाडीची काच सहज फोडते. नारळाविषयी तर वेगळे सांगायला नको. म्हणून वाळलेल्या झावळ्या, सुकलेल्या पोया (फुलोऱ्याची आवरणे) आणि नारळांचे घोस उतरवणे, ज्याला कोकणात माड साफ करणे म्हणतात, ते ठरल्या वेळी व्हायलाच हवे. फूल उमलल्यापासून नारळ पिकायला सुमारे 12 महिने लागतात, पण सहा-सात महिन्यांतच तो शहाळ्याच्या पूर्ण वजनाला पोचतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सगळे मोठे घोस उतरवले, तर डोक्यावर पडेल असा पिकलेला नारळ झाडावर उरत नाही.

[दृश्य: कमरेला दोर बांधून माडावर चढणारा पाडेली, वरून दोरीने खाली सोडलेला घोस]

इथे व्यवहाराची एक बाब लक्षात ठेवावी. अनेक संस्था नारळ पाडणाऱ्याला मजुरी देत नाहीत. त्याने नारळ न्यावेत आणि झाड साफ करून द्यावे, असा तोंडी करार असतो. त्याला शहाळ्यांत रस असणे स्वाभाविक आहे आणि वाळलेल्या झावळीत नसणे तितकेच स्वाभाविक आहे. मग वरचे काम अर्धे राहते आणि पावसाळ्यात झावळ्या पडतात. पैसे देऊन काम करून घेतले, तर घोस दोरीने सोडायला सांगता येते, पायाला खिळ्यांचे बूट बांधून किंवा खोडाला खाचा पाडून चढायला मनाई करता येते, आणि वर गेलेल्या माणसाच्या विम्याची चौकशीही करता येते. नारळ विकास मंडळाने 2011 पासून यंत्राच्या साहाय्याने चढणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा उपक्रम चालवला आहे. झावळ्या विजेच्या तारांना लागत असतील, तर मात्र आधी वीज कंपनीला कळवावे. ओली झावळी वीज वाहून नेते.

[दृश्य: पेव्हर ब्लॉकनी वेढलेला माडाचा बुंधा]

माड मुळासकट कोसळण्याचा धोका वेगळा आहे, आणि झावळ्या कापून तो टळत नाही. जुलै 2017 मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर माड कोसळून तिचा मृत्यू झाला. तो माड धोकादायक असल्याचे रहिवाशांनी आधीच कळवले होते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. माडाला सोटमूळ नसते. बुंध्यातून फुटलेल्या दोरीसारख्या असंख्य मुळांवर तो उभा असतो आणि त्यांतली बहुतेक खोडापासून दोनेक मीटरच्या आतच असतात. गटारासाठी तिथेच चर खणला किंवा बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले, तर त्याचा आधारच जातो. बुंध्याशी तपकिरी रस पाझरणे, भूछत्रासारखी बुरशी उगवणे, खोड ठोकल्यावर पोकळ आवाज येणे किंवा सरळ माड अचानक कलू लागणे, यांतले काहीही दिसले की सभेची वाट न पाहता तज्ज्ञाला बोलवावे.

कायद्याच्या दृष्टीनेही शेंडा छाटणे ही क्षुल्लक बाब नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 अन्वये वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि झाडाला इजा पोचवणेही त्या कायद्यात तोडण्यातच मोडते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला आहे, आणि जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कितीतरी संस्थांमधले माड त्या वयाचे आहेत. त्यामुळे काम काढण्याआधी विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे लेखी अर्ज करावा, त्याची पोच जपून ठेवावी आणि झाडाची आधीची व नंतरची छायाचित्रे संस्थेच्या दप्तरी ठेवावीत.

ठराव लिहिताना ‘झाडांची छाटणी करावी’ एवढे एकच वाक्य लिहिण्याऐवजी काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे त्यात नमूद करावे. वाळलेली पाने, पोया आणि घोस काढावेत. जमिनीला समांतर असलेली किंवा त्याहून वर उभी असलेली एकही हिरवी झावळी कापू नये. कोणाच्या गॅलरीत शिरलेली एखादी झावळी कापावी लागलीच, तर देठाचा मीटरभर भाग खोडाला राहू द्यावा. शोभेच्या रॉयल पामसाठी वेगळा नियम लागतो, कारण तो आपली जुनी पाने आपणच टाकतो. त्याच्या खाली गाड्या उभ्या करू नयेत, एवढे पुरते. आवारात भेरली माड असेल आणि त्याला फुलोऱ्याच्या लांब वेण्या लोंबू लागल्या असतील, तर तो काही वर्षांत आपोआप वाळणार आहे हे गृहीत धरून त्याच्या परवानगीचा अर्ज आणि नव्या रोपाची जागा, दोन्ही त्याच सभेत ठरवून घ्यावे.