इंजिन खोलण्याआधी काटा वाचा

मंडळी, डिझेल मशीनच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला की साइटवर पहिला निकाल ठरलेला असतो: 'पंप गेला.' पंप बदलतात आणि दिवा पुन्हा लागतो. याचं कारण असं की पंप प्रेशर तयार करत नाही. तो फक्त ऑइल पुढे ढकलतो. पुढची वाट अरुंद असते म्हणून प्रेशर तयार होतं.

आपल्या घरचा कूलर आठवा. वरच्या पाइपला बारीक भोकं असतात, म्हणून पाणी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचतं. पंप तोच ठेवून भोकं मोठी केली, तर सगळं पाणी अलीकडेच पडेल. इंजिनात ही भोकं म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टभोवतीच्या फटी: मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग आणि कॅमचे बुश. शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट दुप्पट झाली, समजा ०.०५ मिलिमीटरची ०.१० झाली, तर बाकी सगळं तसंच असताना तिथून निसटणारं ऑइल दुप्पट होत नाही, जवळपास आठपट होतं. फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, हे डोक्यात पक्कं असू द्या.

दुसरी गोष्ट पातळपणाची. १५डब्ल्यू-४० या ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ४० अंश सेल्सिअसला साधारण ११० सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) असते आणि १०० अंशांना १४-१५ उरते. म्हणून सकाळी सातला मशीन चालू करून 'प्रेशर बरोबर आहे' म्हणण्याला काही अर्थ नाही. तपासणी गरम इंजिनवरच करायची.

सुरुवात डिपस्टिकपासून. मशीन सपाट जागेवर, इंजिन बंद, दहा-पंधरा मिनिटं थांबून पातळी बघा. कमी असेल तर कळतंच, पण जास्त असेल तर अधिक सावध व्हा. 'आमचं इंजिन ऑइल खात नाही, उलट वाढतंच आहे' असं कोणी कौतुकानं सांगितलं, तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय असं समजा. गळका इंजेक्टर किंवा फीड पंपाचं फाटलेलं डायफ्राम ही त्याची नेहमीची वाट. डिपस्टिकचं ऑइल बोटावर घेऊन वास घ्या, मग एक थेंब कोऱ्या फिल्टर पेपरवर सोडा. काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं लांबवर पसरलं तर डिझेलचा संशय बळावतो. ऑइल दुधाळ दिसलं तर कूलंट शिरलंय, मग ऑइल कूलर आणि हेड गॅस्केट बघा. या दोन्ही अवस्थांत मशीन पुढे चालवायचंच नाही.

आता गेज. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवून इंजिन खोलू नका. ब्लॉकमधल्या मेन गॅलरीच्या, म्हणजे ऑइलच्या मुख्य वाटेच्या, प्लगच्या जागी शून्य ते १० बारचा मेकॅनिकल गेज लावा. आटे आधी जुळवून बघा, कारण १/८ इंची टेपर आणि १० मिलिमीटरचे मेट्रिक आटे दिसायला जवळचे असतात. जबरदस्तीनं कसला तर ब्लॉकचे आटे जातात. होज गरम ऑइलला चालणारीच हवी. हवेची प्लॅस्टिक नळी फुटली तर ऑइल टर्बोवर उडून आग लागते. सेन्सर एका वायरचा असेल, तर त्याला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते.

ऑइल ९० अंशांच्या आसपास आलं की स्लो आयडल (रेस न देता) आणि फुल रेस, दोन्हींची नोंद घ्या. दर १००० आरपीएमला किमान १० पीएसआय हा वापरातला ढोबळ हिशेब आहे. बऱ्याच इंजिनांत गरम आयडलला १ बारच्या वर आणि फुल रेसला ३ ते ४.५ बार मिळतं, पण शेवटचा शब्द तुमच्या मशीनच्या मॅन्युअलचा. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. गेज किलोचा (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) असेल तर १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय.

आता काट्याची चाल बघा. मेकॅनिकल गेज ठीक आणि डॅशबोर्ड कमी, तर दोष सेन्सर किंवा वायरिंगचा. इंजिन थंड असताना चांगलं, गरम आयडलला पडतं, रेस दिली की सावरतं, तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगच्या फटी वाढल्यात. रेस दिली तरी वाढतच नाही, तर जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असू शकतो. त्याचा प्लंजर काढून बोटानं सरकवा, चरा पडलाय का, मध्ये कचरा बसलाय का बघा. काटा थरथरतो किंवा मशीन चढावर गेलं की पडतो, तर पंप हवा ओढतोय. तेव्हा सम्पमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी, सक्शन पाइपची चीर आणि ओ-रिंग तपासा. चालता चालता एकदम शून्य झालं, तर तिथेच इंजिन बंद. पंपाचा ड्राइव्ह तुटणं, पिस्टन कूलिंगचा नोझल निखळणं, गॅलरीचा प्लग उडणं, यातलं काहीही असू शकतं. आणि सर्व्हिसिंगनंतर लगेच प्रेशर गेलं, तर आधी फिल्टर उतरवा. जुनं गॅस्केट सीटवरच चिकटून राहिलं असेल, तर दोन गॅस्केटमधून सगळं ऑइल बाहेर पडतं.

बेअरिंगचा संशय असेल तर फिल्टर कापा. हॅकसॉ नको, त्याचा कीस आत पडून फसवतो. फिल्टर कटरच वापरा. कागद पिळून, पसरून उन्हात धरा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड. न चिकटणारे राखाडी चमकदार कण बेअरिंगच्या वरच्या थराचे असू शकतात. तांबूस कण दिसले तर तो थर उडून तांबं उघडं पडल्याची शक्यता मोठी, आणि मग क्रँकशाफ्ट वाचवायला वेळ फार कमी उरतो.

आपल्याकडे एक सवय फार पसरली आहे आणि ती थांबली पाहिजे: प्रेशर कमी आलं की २०डब्ल्यू-५० हे जास्त दाट ऑइल टाकायचं. काटा वर येतो, पण फट तशीच राहते. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), ४५ अंशांच्या उन्हात, नागपूरजवळच्या पाचगावच्या गिट्टी खदानीत किंवा उमरेडच्या कोळसा खाणीत रेडिएटर धुळीनं बसलेला असतो. ऑइल आणखी तापतं आणि हे झाकलेलं दुखणं नेमकं तेव्हाच उघडं पडतं. त्यापेक्षा रेडिएटरच्या जाळ्या फॅनच्या हवेच्या उलट दिशेनं रोज फुंकून काढा.

बेअरिंग किंवा पंप बदलला की एकदम स्टार्ट करू नका. फिल्टर उभा बसत असेल तर भरून लावा, पण भरताना ऑइल मधल्या भोकातून ओतू नका. ते स्वच्छ बाजूचं भोक आहे, तिथे पडलेला कचरा थेट बेअरिंगला जातो. टर्बोच्या ऑइल लाइनमध्ये थोडं ऑइल सोडा. डिझेल बंद ठेवून १०-१५ सेकंद स्टार्टरनं इंजिन फिरवा, स्टार्टरला दोन मिनिटं विश्रांती द्या, पुन्हा करा. गेजचा काटा हलला की मगच डिझेल उघडा. स्टार्ट झाल्यावर १० सेकंदांत प्रेशर आलं नाही, तर लगेच बंद करा.