आत्या कशानं गेली?

नमस्कार श्रोतेहो. घरात कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या येतोय का, हे विचारायला आमच्याकडे समुपदेशनाला कुटुंब आलं की मी आधी कोरा कागद पुढे ओढते. रक्ताची तपासणी नंतर. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, अशा तीन पिढ्या काढायच्या. कॅन्सर झालेल्याचं चिन्ह पेन्सिलीनं गडद करायचं आणि शेजारी तेव्हाचं वय लिहायचं.

आजी, मावशी पटापट आठवतात. वडिलांकडचं विचारलं की उत्तर येतं, "तिकडचं कशाला? स्तनाचा कॅन्सर आईकडूनच येतो ना?" नाही हो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि हा दोष बापाकडूनही येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकात तो उतरण्याची शक्यता निम्मी. बाप ठणठणीत असतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. मग उठता उठता कुणीतरी म्हणतं, "थोरल्या आत्याच्या पोटात पाणी झालं होतं. चाळिशीतच गेली." अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही पोटात असंच पाणी होतं. मी पेन्सिल पुन्हा हातात घेते.

घाबरू मात्र नका. 100 कॅन्सरपैकी आनुवंशिक असतात ते 5 ते 10. त्यामुळे जनुकांची तपासणी सरसकट करायची नसते; शक्यतो आजारी व्यक्तीपासून सुरुवात करायची. तिच्यात दोष सापडला, तर नातेवाइकांमध्ये तेवढाच शोधायचा. तोही 18 वर्षं पूर्ण झाल्यावर आणि ज्याच्या त्याच्या मर्जीनं.

दोष आहे म्हणजे कॅन्सर झालाच, असं नाही. स्तनांवर विशीपासूनच लक्ष ठेवता येतं, दरवर्षी एमआरआय करता येतो. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी खात्रीची तपासणी मात्र नाही. म्हणून बीआरसीए-१ मध्ये दोष असेल, तर मुलंबाळं झाल्यावर 35 ते 40 च्या दरम्यान अंडाशय आणि बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. अवघड निर्णय आहे. त्यासाठी दोन-तीनदा भेटावं लागलं तरी भेटावं.

"मुलीचं बघतोय, बाहेर कळायला नको," असं आईवडील हळूच सांगतात. त्यांची भीती मला कळते. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात जातो. आम्ही परस्पर कुणालाही सांगत नाही. पण चुलतबहिणीला कुणी काहीच सांगितलं नाही, तर तिच्यावर लक्ष कोण ठेवणार?

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. तिथे किंवा कुठल्याही समुपदेशकाकडे जाण्याआधी काकांना एक फोन करा. आत्या कशानं गेली आणि तेव्हा तिचं वय काय होतं, एवढं विचारून लिहून आणा.